सगळीच पोरे एक जूनची कशी?

वाचकहो, तुमच्या गावच्या शाळेचा दाखलखारीज रजिस्टर कधी सहज चाळून बघा. निम्म्याअधिक पोरांची जन्मतारीख १ जून सापडेल. जणू मृग निघायच्या आधी साऱ्या गावात एकदम पाळणे हलले! आपण हसतो आणि सोडून देतो. पण या तारखेपायी पोराचे काय हातचे जाऊ शकते, ते सांगण्यासाठी आज फुटबॉलची गोष्ट घेतली आहे. आमच्या शिरगावात काय किंवा तुमच्याकडे काय, पोरे जास्त क्रिकेटच खेळतात हे ठाऊक आहे. तरी ऐका.

देशाचा जसा मोठा फुटबॉल संघ असतो, तसे कोवळ्या पोरांचेही संघ असतात. कोणी सतरा वर्षांखालील, कोणी वीस वर्षांखालील. त्यांच्या आशिया खंडाच्या स्पर्धा होतात, जागतिक स्पर्धा होतात. आपल्या युवा संघाने एकदा आशिया जिंकला होता, हे आज फार थोड्यांना आठवते. १९७४ साली बँकॉकला आशियाई युवक स्पर्धा झाली. हैदराबादचा शब्बीर अली आपला कर्णधार होता. अंतिम सामना इराणशी पडला, २-२ अशी बरोबरी झाली आणि अजिंक्यपद दोघांनी वाटून घेतले. त्यानंतर ते पद पुन्हा आपल्याकडे आलेले नाही.

मग फार मोठा खंड पडला. सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात आपण पहिल्यांदा उतरलो ते २०१७ साली, आणि तेही यजमान म्हणून. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, गोवा आणि नवी मुंबई अशा सहा ठिकाणी सामने झाले. साऱ्या स्पर्धेला मिळून १३ लाख ४७ हजारांवर माणूस लोटला. या स्पर्धेला एवढी गर्दी त्याआधी कोणत्याच देशात झाली नव्हती.

आपले तिन्ही सामने दिल्लीला होते आणि तिन्ही आपण हरलो. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. पण ९ ऑक्टोबरचा कोलंबियाचा सामना ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. पहिल्या सत्रात राहुलने मारलेला चेंडू खांबाला लागून परतला. दुसऱ्या सत्रात कोलंबियाने गोल केला. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कॉर्नरवरून चेंडू टाकला आणि मणिपूरच्या जिक्सन सिंगने उंच उडी घेऊन डोक्याने तो जाळ्यात धाडला. विश्वचषकातला भारताचा हा पहिला गोल. लोक अजून नाचतच होते, तोवर पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल केला. हाताशी आलेले पीक गारपिटीने जावे तसे झाले.

ही पोरे कुणाची होती ते बघा. जिक्सनच्या वडिलांना पक्षाघात झालेला, आई इंफाळच्या बाजारात भाजी विकून घर चालवणारी. कर्णधार अमरजितचे वडील शेतकरी आणि सुतार, आई मासळी विकणारी. संजीवची आई बंगळूरच्या पदपथावर कपडे विकायची. सिक्कीमच्या कोमल थाटळचे आईबाप शिंपी. एकवीस जणांत आठ एकट्या मणिपूरचे होते. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे होता, आणि आपल्या कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचा मुलगा अनिकेत जाधवही होता.

कोल्हापूरचा फुटबॉल तालमींच्या नावाने चालतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. शाहू स्टेडियमवर यांची झुंज लागली की पेठाच्या पेठा लोटतात. अनिकेत त्या मातीतला. पण तो घडला कुठे, तर आपल्या उशालाच. शिरगावाहून सोमाटणे फाट्यावर यावे, देहूरोडवरून बाह्यवळणाचा हमरस्ता धरावा, की वीसेक किलोमीटरवर बालेवाडी लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले मोठे संकुल तिथे आहे. सरकारची क्रीडा प्रबोधिनी तिथेच. लहान वयात चाचण्या घेऊन मुले निवडतात; राहणे, जेवण, शाळा आणि खेळाचे शिक्षण एका जागी होते. अनिकेत तिथे लहानपणी दाखल झाला आणि तिथून देशाच्या संघात पोहोचला.

‘लहान वयात’ हे दोन शब्द इथे कळीचे आहेत. तुम्ही आम्ही भातवाले. रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे झाले की लावणी करायची, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पाऊस लांबला आणि चाळीस दिवसांचे रोप लावले, तर खत कितीही घाला, फुटवे कमीच. खेळाडूचेही तसेच असते. पायाची सफाई दहा-बारा वर्षांच्या आत जेवढी बसते तेवढी पुढे बसत नाही. म्हणून निवडीला वयाची अट असते आणि ती कागदावर पाहिली जाते.

आमच्या गावाकडचाच एक मुलगा सांगतो. २००५ च्या जुलैत महापूर आला त्या आठवड्यात तो जन्मला. आजीला तो दिवस पक्का आठवतो, कारण दाईला आणायला रस्ता उरला नव्हता. शाळेत घालायच्या वेळी वय भरेना, म्हणून कुणीतरी १ जून २००४ अशी तारीख लावून दिली. पोरगे वाऱ्यासारखे पळायचे. २०१८ च्या पावसाळ्यानंतर चौदा वर्षांखालील मुलांची निवड होती. पोराला तेरावे सरलेले, पण कागदावर चौदा उलटून गेलेली. त्याला मैदानात पाऊलही टाकू दिले नाही. आजी म्हणाली, ‘अरे, पुराला विचारा की!’ पण पुराची साक्ष कोण काढणार? आज तो तळेगावच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. चांगला कमावतो. निवड झालीच असती असे मी म्हणत नाही. पण त्याला पळून दाखवायला मिळायला हवे होते.

याच्या उलटही चालते. काही जण पोराचे वय दोन-तीन वर्षांनी कमी दाखवून त्याला लहानांत खेळवतात. तो काही दिवस चमकतो आणि खऱ्या लहान पोराची जागा खातो. पण जागतिक स्पर्धेत ही लबाडी आता चालत नाही. २००९ पासून सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी होते. मनगटाच्या हाडाच्या टोकाशी वाढीची पट्टी असते. ती पुरती सांधली गेली असेल तर मुलगा सतरा ओलांडून गेला असे धरतात. कागद खोटे बोलेल, हाड बोलत नाही.

मुलींची गोष्ट तर आणखी विचार करायला लावणारी आहे. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतातच झाला. अंतिम सामना नवी मुंबईला रंगला आणि स्पेनने तो जिंकला. आपल्या मुली भुवनेश्वरला अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील या तिघांकडून हरल्या. त्या संघात पुण्याची काजोल डिसोझा होती. कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अष्टम उरांव. तिच्या मानार्थ सरकारने तिच्या गावात रस्ता करायला घेतला, आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचेच आईबाप रोजंदारीने राबत होते. लेकीने रस्ता आणला आणि आईबापांनी तो घाम गाळून बांधला.

कुणी म्हणेल, एवढे करून हरलोच ना? तर पुढचे ऐका. २०१८ साली मलेशियात आपली सोळा वर्षांखालील मुले आशियाच्या उपांत्यपूर्व फेरीत गेली. गोव्याचे बिबियानो फर्नांडिस प्रशिक्षक होते. दक्षिण कोरियाकडून ०-१ अशी हार झाली. तो सामना जिंकला असता तर यजमानपदावाचून विश्वचषक गाठला असता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला बिबियानोंच्याच मुलांनी इराणला २-१ हरवून पुढच्या वर्षीच्या आशियाई स्पर्धेत जागा मिळवली. १९७४ साली ज्यांच्याशी अजिंक्यपद वाटून घेतले, तोच हा इराण.

तेव्हा वाचकहो, घरात बाळ जन्मले की २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा, तिला पैसा पडत नाही. शाळेत घालताना तीच तारीख लावा, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर शाळेपासून नोकरीपर्यंत जन्मदाखलाच पुरावा धरला जातो. पोरगी असो वा पोरगा, पाय चांगले चालत असतील तर दहाव्या वर्षाच्या आत शाळेच्या गुरुजींना विचारा, तालुक्याच्या निवड चाचण्या कधी आहेत ते. आणि रस्त्याकडेच्या जमिनींचे तुकडे पाडून विकताना, गावाच्या वाट्याचे एक मैदान तरी ग्रामसभेत नावानिशी राखून ठेवा. भाताचे खाचर काही वर्षभर मोकळे नसते.