ओढणें आणि पेलणें

बैलाची पारख करणारा जाणता मनुष्य सोबत असल्यावांचून बाजारांत पाऊल टाकूं नये, असें पूर्वीं घरांतील वडील मंडळी सांगत. हा उपदेश बैलांपुरताच आहे, असें आम्ही समजत होतों. ती समजूत कशी फिटली, त्याची ही हकीकत.

अमेरिकेंत डेन्व्हर शहरीं आमचें व धाकट्या बंधूंचें अशीं दोन बिऱ्हाडें शेजारीं शेजारीं राहतात. मातोश्रींचें वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना प्रवासाची हौस दांडगी. परंतु बाहेरचें अन्न चालत नाहीं, आणि रोज नवी खोली म्हटली कीं झोंप येत नाहीं. तेव्हां स्वयंपाकघर, शेजघर व न्हाणीघर यांसह चाकांवरचें घरच, म्हणजे ट्रेलर, घ्यावा असें ठरलें. ट्रेलर लौकरच पसंत पडला. प्रश्न राहिला तो ओढणाऱ्या पिकअप ट्रकचा.

विक्रेत्यानें दाखविलेला ट्रक मोठा देखणा होता. "हा ११,००० पौंड ओढतो," असें त्यानें सांगितलें. आमचा ट्रेलर सामानसुमानासह ७,००० पौंडांचा. विसार देण्यासाठीं आमचा हात खिशांत गेला, तोंच बंधु म्हणाले, "दादा, आधीं दारावरची चिठ्ठी वाचूं या."

चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी चिठ्ठी चिकटविलेली असते. माणसें व सामान मिळून त्या ट्रकनें किती भार पेलावा, हें तींत लिहिलेलें असतें. या चिठ्ठीवर आंकडा होता १,४८० पौंडांचा. ओढणें वेगळें आणि पेलणें वेगळें, हें आम्हांला त्या दिवशीं कळलें. ओढण्याचा आंकडा ठरवितांना ट्रकांत चालक व एकच सोबती, प्रत्येकीं १५० पौंडांचे, बसले आहेत असें धरलेलें असतें. आमच्यासारख्या गोतावळ्याचा विचार त्यांत कोठून असणार?

रात्रीं जेवणें झाल्यावर कागद घेऊन बसलों. ट्रेलरच्या भाराचा दहा ते पंधरा टक्के हिस्सा जोडदांडीवाटें ट्रकच्या पाठीवर येतो. तेरा टक्के धरले तर ९१० पौंड. जोडणीचें लोखंडी सामान ९०. आम्ही पांच माणसें मिळून ६५०. मागच्या हौद्यांतील सामान १५०. बेरीज झाली १,८००. म्हणजे ३२० पौंड जास्त!

मग काटछांट सुरू झाली. मुलांच्या सायकली नकोत, खुर्च्या नकोत, एक पेटी कमी करूं. दांडीवरचा भार कमी होईल असें सामान ठेवलें तर? तोंच कोपऱ्यांतून मातोश्रींनीं विचारलें, "अरे, मग गाडी उलार नाहीं का होणार?" त्यांचें बालपण वाई तालुक्यांतलें. बैलगाडी मागें जड झाली तर उलार होते, पुढें जड झाली तर धुरजड होऊन बैलांच्या मानेवर बसते, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें. ट्रेलरची गोष्ट अगदीं तीच. दांडीवर भार कमी पडला तर तो वेगांत शेपटासारखा हेलकावूं लागतो. फार झाला तर ट्रकचा मागचा भाग दबतो, पुढचीं चाकें हलकीं पडतात, आणि वळविणें व थांबविणें दोन्ही कठीण होतात.

आम्ही निरुत्तर झालों. तेव्हां त्या शांतपणें म्हणाल्या, "मीच राहतें घरीं. माझे शंभर पौंड वजा कर."

कागदावर सायकली व पेट्या यांच्याच रांगेंत "आई - १००" असें आमच्याच अक्षरांत लिहिलेलें होतें. ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्यांनाच आम्ही ओझ्याच्या यादींत बसविलें होतें! देखणा ट्रक हातचा जाऊं नये एवढ्यासाठींच आम्ही घरांतली एकेक वस्तु वजा करीत बसलों होतों, हें तेव्हां ध्यानांत आलें. आम्हीं तो कागद फाडून टाकला.

पुढें पाऊणटनी म्हणतात त्या जातीचा एक वापरलेला ट्रक घेतला. त्याच्या चिठ्ठीवर २,३५० पौंड आहेत. रंग मनासारखा नाहीं, तेल अधिक पितो, आणि रिकामा असतां खड्ड्यांतून हाडें खिळखिळीं करतो. परंतु सर्व मंडळी बसवून, ट्रेलर जोडून महामार्गावरील वजनकांट्यावर नेला, तेव्हां प्रत्येक आंसाचा भार मर्यादेच्या आंत भरला.

डेन्व्हरहून पश्चिमेस जातांना आयझेनहॉवर बोगदा लागतो. तो ११,००० फुटांहून उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. पलीकडचा उतार मोठा तीव्र. ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींसाठीं तेथें वाळूखडीचे चढते रस्ते मुद्दाम काढून ठेविले आहेत. ते पाहून आमच्या छातींत धस्स झालें. खालच्या गिअरमध्यें, हळूहळू, ट्रकनें आम्हांला सुखरूप खालीं उतरविलें.

पायथ्याशीं थांबून चहा ठेवला. मातोश्री खालीं उतरल्या, जोडदांडीपाशीं वांकून त्यांनीं दोन्ही वाहनें निरखलीं आणि म्हणाल्या, "उलारही नाहीं, धुरजडही नाहीं. आतां पुढें कोठें जायचें?"