पुढं काय झालं?

मार्च लागला की आमच्या नारायणगावात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. आणि द्राक्षबागायतदार आभाळाकडे बघू लागतात. आभाळ भरून आलं की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, ते वर्तमानपत्रात छापून येतं. द्राक्षं तोडणाऱ्या, पेट्या भरणाऱ्या आमच्या वस्तीतल्या बायांची मजुरी बुडते, ते सहसा येत नाही.

यंदा १९ मार्चला असंच झालं. दिवसभर उकाडा, चारनंतर वारं सुटलं, टपोरे थेंब आले आणि वीज गेली. आईची मालिका ऐन रंगात असताना थांबली. इथून जवळच खोडद परिसरात रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या कुठल्या कुठल्या ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी टिपतात, आणि आमच्या पत्र्यावरची छत्री दोन थेंबांत आंधळी होते! आई म्हणाली, “त्यातलीच एखादी मागून आण की.”

मी मेणबत्ती लावून दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची टिपणं काढायला बसलो. २० मार्च, चवदार तळ्याचा दिवस. गेली बरीच वर्षे विहारात हे भाषण मीच करतो. आई दुसरीतून शाळा सुटलेली, पण माझं भाषण तिला माझ्यापेक्षा पाठ. ती म्हणाली, “दर साली बाबासाहेब ओंजळीनं पाणी पितात, टाळ्या पडतात, आन् तू खाली बसतोस. पुढं काय झालं रं?”

म्हटलं, “डिसेंबरात मनुस्मृती जाळली.”

“ते ठावं हाय मला. पाण्याचं काय झालं?”

वाचकहो, बी.कॉम. झालेला, दर जयंतीला माईक धरणारा मी गप्प बसलो. मग कपाटातून धनंजय कीरांचं चरित्र आणि आणखी दोन पुस्तकं काढली. धाकट्या लेकीनं मोबाईलची बॅटरी धरली, मी वाचत गेलो.

मुळात तळं खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेनं ५ जानेवारी १९२४ लाच केला होता. त्याआधी १९२३ साली मुंबई कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. म्हणजे कागद तयार होता, पाणी मात्र मिळत नव्हतं. तीन वर्षांनी बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले. त्याच दिवशी, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून मंडपात जेवणाऱ्या माणसांना मारहाण झाली. पुढे शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं स्वतःचाच ठराव मागे घेतला. १२ डिसेंबर १९२७ ला विरोधकांनी दावा लावला, मनाई हुकूम आणला. डिसेंबरच्या परिषदेला माणसं पुन्हा जमली, पण कोर्टाचा मान राखून तळ्याचं पाणी प्यायली नाहीत. दावा चालत राहिला तो थेट मुंबई हायकोर्टाच्या १७ मार्च १९३७ च्या निकालापर्यंत. निकाल आपल्या बाजूनं लागला.

मी बोटांवर हिशेब केला. ठरावापासून निकालापर्यंत १३ वर्षे. मधली सव्वानऊ वर्षे वकालतनामे, तारखा, साक्षी. माझ्या भाषणात यातलं एक अक्षर नसायचं. कारकुनीत आयुष्य गेलेल्या माणसानं नेमका कारकुनीचाच भाग गाळावा!

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हंजी आपल्या नळावानीच की.”

आमच्या वस्तीच्या टोकाला पाणी करंगळीएवढं येतं. वेगळी पाइपलाइन टाकायचा ठराव तीन वर्षांपूर्वी झालाय. त्याबद्दल पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो. त्यानंतर ती फाईल कुठे आहे हे मी एकदाही विचारलं नाही. आपलीच ओळखीची माणसं, कशाला वाईटपणा घ्या, असं मनात असायचं. खरं सांगायचं तर ऑफिसात मीसुद्धा अशा फायलींवर फाईल ठेवलेली आहे.

दुसऱ्या दिवशी विहारात मी १९२७ वर थांबलो नाही, १९३७ पर्यंत गेलो. भाषण लांबलं, तारखा ऐकताना पोरं चुळबुळली, टाळ्याही नेहमीपेक्षा कमी पडल्या. संपल्यावर कॉलेजात जाणारं एक पोरगं जवळ आलं. “काका, आपल्या पाइपलाइनच्या ठरावाची नक्कल तुमच्याकडं आहे का?”

नव्हती. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, त्याला बरोबर घेतलं आणि नकलेसाठी अर्ज दिला. पोचपावतीवर शिक्का मारायला समोरच्या साहेबांनी जरा कुरकुर केली, पण मारला. ती पावती आईनं चष्मा लावून उलटसुलट पाहिली आणि तिच्या रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिली. “तुझ्या कपाटात नगं,” म्हणाली, “तिथं कागद झोपत्यात.”

त्या रात्री नळ साडेतीनला आला. कळशी भरायला वीस मिनिटं लागली.