स्लाव्हिया की व्हर्टस? आधी गिअरबॉक्स ठरवा

पेडणे-मांद्रे पट्ट्यात गाडी घ्यायला निघालेली तरुण मंडळी माझ्या गराजमध्ये हमखास एक प्रश्न घेऊन येतात: स्लाव्हिया घेऊ की व्हर्टस? एक स्कोडाची, मूळ चेक घराण्यातली. दुसरी जर्मन फोक्सवॅगनची. दोन्ही 2022 मध्ये बाजारात आल्या आणि दोन्ही पुण्याजवळ चाकणच्या एकाच कारखान्यात बनतात. लिफ्टवर चढवून खालून पाहिल्या तर कुठली कोणती हे सांगायला जाणत्यालाही थांबावं लागतं. व्हीलबेस तोच, 2651 मिलिमीटर. डिकी तीच, 521 लिटरची. इंजिनंही तीच दोन. 2023 च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत दोघींना पाच-पाच तारे मिळाले. आधीच्या रॅपिड आणि व्हेंटोचं नातंही असंच होतं. म्हणून मी सांगतो, चेहरा आवडेल तो घ्या, सर्व्हिस सेंटर जवळ असेल तिची घ्या. विचार करायचा तो इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा.

एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन 115 पीएस ताकद आणि 178 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. दीड लिटरचं चार सिलिंडरचं 150 पीएस आणि 250 न्यूटन-मीटर. सावंतवाडीवरून आंबोली घाट चढताना पुढे लाकडाचा ट्रक आला, की हा फरक पायाखाली कळतो. मोठं इंजिन जोर फारसा लागत नसेल तेव्हा मधले दोन सिलिंडर बंद ठेवून पेट्रोल वाचवतं. पण त्यासाठी महामार्गासारखा एका वेगाने चालणारा रस्ता हवा. कोरगाव, हरमल, केरीच्या वळणांवर पाय सारखा वरखाली होतो, तिथे ही बचत फारशी हाती लागत नाही.

खरा घोळ ऑटोमॅटिकचा आहे. दीड लिटरला सात गिअरचा डीएसजी मिळतो. त्यात दोन क्लच असतात: एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. एक गिअर चालू असताना पुढचा लागून तयार असतो, म्हणून गाडी खेचताना कुठे खंड पडत नाही. चालवायला ही अप्रतिम चीज आहे, यात शंका नाही. पण हे क्लच कोरडे आहेत. उष्णता वाहून न्यायला त्यांच्याभोवती तेल नाही. शिवाय हा गिअरबॉक्स 250 न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बांधलेला, आणि इंजिन तेवढाच टॉर्क देतं. चतुर्थीच्या बाजाराला म्हापशात गाडी इंच-इंच सरकते तेव्हा क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो. चढणीवर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणारे तर त्याचं आयुष्य उघड उघड कमी करतात. पुढे जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडा.

एक लिटरसोबत येणारा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर वेगळा. त्यात इंजिनाची ताकद तेलामार्फत पुढे जाते. गिअर जरा सावकाश बदलतो, पण सरकणं त्याला मुकाट्याने सोसतं.

आता जमिनीची गोष्ट. दोघींची जमिनीपासूनची उंची 179 मिलिमीटर, तीही रिकाम्या गाडीची. पाच माणसं बसली की गावातले उंच स्पीडब्रेकर तिरके घ्यावे लागतात, नाहीतर चेंबर घासलाच. मूळ 205/55 आर 16 टायरची बाजूची भिंत सुमारे 113 मिलिमीटर उंच असते. हौसेने 17 इंची रिम आणि 215/45 टायर बसवले की ती 97 वर येते. खड्ड्यातला मार मग थेट रिमला बसतो. कृपा करून हे करू नका.

बाजारात आल्या तेव्हा दोघींना मागे ड्रम ब्रेक होते, अगदी दीड लिटरलासुद्धा. आपल्या तांबड्या मातीची पूड ड्रममध्ये साचते आणि पावसाळ्यात तिचा लेप होतो. दर पावसाळा सरला की ड्रम उघडून साफ करून घ्या. डिचोलीच्या खाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी तर त्याआधीही एकदा.

रोज म्हापसा-पणजी करणाऱ्याने माझ्या मते एक लिटर टॉर्क कन्व्हर्टर घ्यावी, तिच्यात गंमत कमी नाही. बेळगाव-पुण्याच्या फेऱ्या असतील तर दीड लिटर, आणि त्यात गिअरची गाडी मिळत असेल तर तीच. ट्रायल मात्र शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. घरची माणसं बसवा, मालपेची चढण गाठा, मध्येच थांबा आणि तिथून गाडी उचला.