पिवळ्या झाकणाचं औषध

'समासाचा विग्रह करा' असा प्रश्न आला की आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तोंडं उतरतात. 'पीतांबर'पर्यंत निभावतं, शब्द लांबला की धीर सुटतो. मी कलाशाखेचा, आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. विज्ञानाच्या मुलांची मात्र मला कीव येई. एकेका द्रव्याचं नाव म्हणजे मालगाडी! डबे मोजेपर्यंत गाडी निघून जायची.

गेल्या फाल्गुनात ही थट्टा संपली.

कांद्यावर फुलकिडे पडले होते. तात्यांनी सकाळपासून पंप पाठीवर घेतलेला. तोंडाला फडकं नाही, आणि दुपारी वारा फिरला तो नेमका समोरून. दिवेलागणीला घरी आले ते घामानं निथळत. तोंडाला लाळ, मग उलट्या. चुलत्यांनी मोटारसायकल काढली, मी मागून तात्यांना धरून बसलो आणि वडूज गाठलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"काय फवारलं?"

"अवशीद," तात्या पुटपुटले. "पिवळ्या झाकणाचं."

मी घाईनं दुकानातलं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "ते कंपनीनं ठेवलेलं नाव झालं. आत द्रव्य कोणतं?"

मराठीच्या पेपरात चांगले गुण मिळवणारा मी गप्प उभा राहिलो. मग घरी फोन लावला. सहावीतला धाकटा भाऊ गोठ्याकडं पळाला. "बाटली फडक्यानं धर," मी ओरडलो. तो एकेक इंग्रजी अक्षर वाचू लागला : पी, आर, ओ, एफ, ई, एन, ओ, एफ, ओ, एस. प्रोफेनोफॉस. "फॉस," एवढंच डॉक्टर म्हणाले. लक्षणांवरून त्यांनी ओळखलं होतंच, ॲट्रोपिनही भरून तयार होतं. नावानं खात्री झाली. त्या विषावरचा तोच उतारा. आम्हाला आजवर उतारा ठाऊक होता तो परीक्षेतला, खालच्या प्रश्नांची उत्तरे लिहा म्हणून!

पाचव्या दिवशी तात्या घरी आले. पुढं विज्ञान शाखेतल्या एका मित्रानं त्या द्रव्याचं पूर्ण नाव मला कागदावर लिहून दिलं : ओ-४-ब्रोमो-२-क्लोरोफिनाइल ओ-इथाइल एस-प्रोपाइल फॉस्फोरोथायोएट. आम्ही दोघं त्याचा विग्रह करत बसलो. फिनाइल म्हणजे सहा कर्बांचं कडं. त्याच्या चौथ्या जागी ब्रोमीन, दुसऱ्या जागी क्लोरीन. 'ओ' म्हणजे प्राणवायूच्या हातानं धरलेला, 'एस' म्हणजे गंधकाच्या. आणि हे सगळे हात जाऊन मिळतात ते एका फॉस्फरसला. नाव वाचून कोणालाही द्रव्याची आकृती काढता यावी म्हणून १८९२ साली जिनिव्हात रसायनतज्ज्ञांनी नियम ठरवले, असं मित्र म्हणाला. पाणिनीच्या देशातल्या आम्हा मुलांना हे कोणी आधी असं सांगितलं असतं तर!

मग लक्षात आलं की लपवाछपवी करतं ते आखूड नाव. आम्ही विषाला 'औषध' म्हणतो. पिकाला औषध मारलं, असं सहज बोलतो. औषधाला कोण भिणार? बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, हिरवा. आमच्या बाटलीवर पिवळा होता. तात्यांनी पिवळं पाहिलं ते झाकण. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या कितीजणांना हा त्रिकोण कोणी समजावला असेल?

तात्यांना नावांचं वावडं आहे असं मात्र नाही. चौथीत शाळा सुटली तरी 'अठरा-सेहेचाळीस' म्हणजे नत्र अठरा, स्फुरद सेहेचाळीस टक्के, हे ते झोपेतही सांगतील. डाय अमोनियम फॉस्फेट हे नाव त्यांनी कधी उच्चारलं नसेल, पण त्याचा विग्रह त्यांना पाठ आहे. एकदा जेवताना मी म्हणालो, "तात्या, त्या बाटलीतला फॉस म्हणजे आपला स्फुरदच."

त्यांचा घास हातात राहिला. "म्हंजी पोत्यातला आन् बाटलीतला एकच?"

"एकच. शेजारी कोण बसलंय त्यावर गुण बदलतो."

"माणसावानीच की," म्हणून ते पुन्हा जेवू लागले.

परवा दुकानात मी सोबत होतो. दुकानदारानं बाटली पुढं केली. तात्यांनी ती उलटी करून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "शेवटाला फॉस हाय का बघ."