रंग नावाला लागतो

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. "आत्याच्या गाण्यांचं काय झालं रे? वर्षश्राद्धाला सगळे नवापूरला जमणार आहेत, तेव्हा ऐकू. ते पाठवणीचं तर हवंच." मी म्हटलं, आहेत की, पाठवतो. फोन ठेवला, कॉम्प्युटर उघडला आणि पुढचे दोन तास माझ्या पोटात गोळा होता. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

मला गाता येत नाही, पण दुसऱ्यांचं गाणं रेकॉर्ड करून ठेवायचा नाद आहे. त्यासाठी मी 'रीपर' नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. आपल्यापैकी ज्यांनी एकेकाळी विनॅम्पवर गाणी ऐकली, त्यांना सांगायला हरकत नाही की विनॅम्पवाल्या जस्टिन फ्रँकेलनेच पुढे २००५ साली हे आणलं. यात प्रत्येक आवाजाची एक आडवी पट्टी असते, तिला ट्रॅक म्हणायचं. हळदीच्या रात्रीचं रेकॉर्डिंग घरी आणलं की बघता बघता वीस-पंचवीस पट्ट्या होतात आणि सगळ्या एकसारख्या करड्या. ढोलकी कुठली आणि मामी कुठली, शोधत बसा!

म्हणून लोक पट्ट्यांना रंग देतात. हाताने देणं कंटाळवाणं. मग कोणीतरी मला 'एसडब्ल्यूएस' नावाची फुकटची जोड दाखवली. तिच्यात नियमांची यादी करायची. नावात 'ढोल' आलं की तांबडा, 'सनई' आलं की हिरवा. ट्रॅकला नाव द्यायचा अवकाश, रंग आपोआप चढतो. पहिल्या दिवशी मी लहान पोरासारखा नुसती नावं बदलून बघत होतो.

पण यंत्र ते यंत्रच. ते अर्थ बघत नाही, नुसती अक्षरं जुळवतं, आणि तीही नावात कुठेही सापडली तरी चालतात. 'ढोल'चा नियम ढोलकीलाही लागला. त्यावर उपाय सोपा, ढोलकीचा नियम यादीत वर न्यायचा, कारण वरचा नियम आधी बघितला जातो. तंतुवाद्यांसाठी मी 'तार' असा नियम केला, तर तारपा पिवळा झाला. आता तारप्यात तार कुठून येणार? वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो. आमच्या जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे, पण यंत्राला 'तार' दिसली की ते खूश. उलट गंमत अशी की 'आई'चा नियम 'ताई'ला लागत नाही. कानाला दोन्हीकडे आई आहे, पण कॉम्प्युटरला 'आ' हा स्वर वेगळा आणि 'त'चा काना वेगळा. ताई, वाईट वाटून घेऊ नकोस.

हे सगळं मी बाबांना कौतुकाने दाखवलं. बाबांची नोकरी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेली. पडद्याकडे बघून म्हणाले, "आमच्याकडे हे पाइपांना होतं." खरंच आहे. कारखान्यातल्या पाइपांच्या रंगांसाठी भारतीय मानकच आहे, आयएस २३७९. पाण्याला समुद्री हिरवा, वाफेला अॅल्युमिनियमचा, हवेला आकाशी, आम्लाला गडद जांभळा, अल्कलीला धुरकट राखाडी. मी म्हटलं, मग झालं तर, रंग बघायचा आणि कामाला लागायचं. बाबा म्हणाले, "अजिबात नाही. रंग कधीतरी दिलेला असतो, आत आजचं वाहत असतं. पाइप खोलायच्या आधी आत काय आहे ते बघायचंच." मी मान डोलावली. कारखान्यातल्या गोष्टी त्यांनी इतक्या सांगितल्या आहेत की मान आपोआप डोलते.

आता आत्याकडे येतो. मे २०२२ मध्ये मी बोईसरला उतरून रिक्षाने नवापूरला गेलो, माईक आणि लॅपटॉप घेऊन. आत्या ओटीवर बसली होती, बाहेर बोंबील वाळत होते. लग्नातली गाणी तिला जितकी येत, तितकी आता घरात कोणालाच येत नाहीत. मी माईक लावला, ट्रॅकला 'टेस्ट' नाव दिलं आणि म्हटलं, आत्या, काहीतरी बोल, आवाज किती येतोय बघतो. मग पंखा बंद करायला उठलो, वायर हलवली, आकडे बघितले. ती काहीतरी म्हणत होती. मी ऐकत नव्हतो, मी आकडे बघत होतो. त्यानंतर 'खरं' रेकॉर्डिंग सुरू केलं.

माझ्या यादीत एक नियम आहे, 'टेस्ट' म्हणजे राखाडी. काम संपलं की सगळ्या राखाडी पट्ट्या निवडायच्या आणि उडवायच्या. त्याही वेळी उडवल्या, ऐकून न बघता. राखाडी काय ऐकायचं?

ताईच्या फोननंतर सगळे ट्रॅक ऐकत गेलो. पाठवणीचं गाणं कुठेच नाही. शेवटच्या ट्रॅकवर माझाच आवाज आहे, "आत्या, आता ते पाठवणीचं." आणि तिचा, जरा दमलेला, "ते झालं ना रे मघाशी." त्यावर मी म्हणतो, बरं बरं. काय झालं, कधी झालं, काही विचारत नाही!

आत्याला जाऊन वर्ष होत आलंय. आता कोणाला विचारणार?

वाचवलं ते माझ्या आळसाने. रीपरमध्ये ट्रॅक उडवला तरी रेकॉर्ड केलेली मूळ फाईल फोल्डरमध्ये तशीच राहते. नको असलेल्या फाईली काढून टाकायची वेगळी आज्ञा आहे, ती मी कधी दिलीच नव्हती. फोल्डर उघडलं, तर त्यात 'टेस्ट' नावाची साडेचार मिनिटांची फाईल. आवाज बघायला साडेचार मिनिटं कशाला लागतील? सुरुवातीला पंख्याची घरघर, माझी खुडबूड, मग पंखा थांबतो आणि ती गाते. सबंध गाणं. मध्ये एकदा शेजारच्या घरातला कुकर शिट्टी देतो, ती थांबत नाही.

मी ती फाईल नव्या पट्टीवर आणली आणि नाव लिहिलं, 'आत्या'. पट्टी आपोआप केशरी झाली. बायकांच्या आवाजांना मी तो रंग ठेवला आहे.

नियमांची यादी मी मोडलेली नाही, फार सोयीची आहे. फक्त राखाडी पट्ट्या आता ऐकल्याशिवाय उडवत नाही. बाबांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण गाणं दोनदा लावायला लावलं. त्यांची थोरली बहीण ती.

असो. ताई, फाईल पाठवली आहे. सुरुवातीची पंख्याची घरघर मुद्दाम काढलेली नाही.