सात आखूड, एक लांब

मुंबई ते गोवा बोटीने जायचा प्रस्ताव घरात मांडला तेव्हा पाचांपैकी चार मतं बाजूने पडली. पाचवं मत बाबांचं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "गोव्याला कोकण रेल्वे जाते की."

आता आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून तर हा सगळा घाट, आणि उत्सवमूर्तीच खोडा घालणार! शेवटी लेकीने हुकमी पत्ता टाकला. "आजोबा, बोटीवर स्विमिंग पूल आहे!"

"समुद्रात असताना वेगळं पाणी कशाला लागतं?" बाबा म्हणाले. पण संध्याकाळी बॅग भरायला घेतली. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

बॅलार्ड इस्टेटच्या बाजूने बंदरात शिरलो आणि पुढचा तास अगदी विमानतळासारखा गेला. रांग, ओळखपत्रं, एक्स-रे, पुन्हा रांग. बॅगांना केबिन नंबरच्या चिठ्ठ्या लावून त्या बाहेरच काढून घेतल्या. त्या केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होते, तेव्हा औषधं आणि स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा. हे मला माहीत नव्हतं. आईने न सांगताच ठेवलं होतं. असो.

मग प्रत्येकाला एक कार्ड. तीच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. काहीही घ्या, कार्ड दाखवा, हिशोब शेवटच्या दिवशी. सिंगल साइन-ऑन! मी जाम खूश. बाबा कार्ड उलटसुलट करत म्हणाले, "म्हणजे खर्च होताना कळतच नाही." गेली सहा वर्षं मी पेमेंटच्या सॉफ्टवेअरवर काम करतोय, पण आमच्या धंद्याचं मर्म इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

वर गेल्यावर जो तो जेवणावर तुटून पडला होता. आम्हीही पडलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

बोट सुटण्याआधी घोषणा झाली. सगळ्या प्रवाशांनी कार्डावर लिहिलेल्या जागी जमायचं, सुरक्षेची ड्रिल आहे. पाठोपाठ भोंगा. सात आखूड, एक लांब. मी नुकताच खुर्चीवर पाय पसरून बसलो होतो. ऑफिसात फायर ड्रिल होते तेव्हा आमची अख्खी टीम खाली चहाला जाते, आणि मी बहुतेक वेळा तेवढंही न करता जागेवरच बसून राहतो. (कुणीतरी बिल्ड बघायला हवं ना!) म्हटलं, दहा मिनिटांनी जाऊ.

"ऊठ," बाबा म्हणाले.

आवाज असा होता, की मी चाळिशीला आलेला माणूस शाळेतल्यासारखा उठलो.

खाली लोक सेल्फी काढत होते. लाईफ जॅकेट घालून दाखवणाऱ्या मुलीकडे फार कुणाचं लक्ष नव्हतं. बाबा मात्र पहिल्या ओळीत. पट्टा कुठून घ्यायचा, शिट्टी कुठे, दिवा कसा पेटतो, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "आमची नाव नक्की कुठली?" तिने वर टांगलेली नारिंगी होडी दाखवली. "आणि ती भरली तर?" तिने शांतपणे सांगितलं, की काका, बोटीवर जेवढी माणसं आहेत त्याहून जास्त जागा आहेत, फुगवायचे तराफेसुद्धा आहेत. बाबांनी मान डोलावली. मला थोडी लाजच वाटत होती, खोटं कशाला सांगू.

नंतर डेकवर दोघंच उभे असताना बाबांनी सांगितलं. आमचं गाव रेवसजवळ. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली, हे मी ऐकून होतो. सहाशेच्या वर माणसं गेली. मुंबईला बातमी कळेपर्यंत दुपार उलटून गेली होती. वाचलेल्यांपैकी बरेच जण रेवसकडून मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी पाण्यातून काढले. त्या बोटीवर बाबांचे धाकटे काका होते, हे मात्र मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांचे. बाबांचा जन्म त्यानंतरचा. पण त्यांच्या आजीने घरात नियमच करून टाकला, आपलं कुणी बोटीत पाय ठेवणार नाही. सगळं गाव रेवसहून लाँचने मुंबईला जायचं आणि आमचे लोक एसटीने पेणवरून धक्के खात!

"मग तुम्ही हो का म्हणालात?"

"पोरीने विचारलं. आणि आजीला जाऊन आता पन्नास वर्षं झाली."

बोटींचे नियम असेच बनलेत. 'टायटॅनिक' १९१२ मध्ये बुडाली तेव्हा साधारण २२०० माणसं होती आणि लाईफबोटीत जागा ११७८. त्यानंतर १९१४ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून ३२ जण गेले. ड्रिल २४ तासांच्या आत घेतली तरी चालायची, त्यामुळे त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची झालेलीच नव्हती. २०१५ पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रत्येक बगनंतर एक टेस्ट लिहितो, तसंच हे. फक्त इथे बग म्हणजे माणसं.

संध्याकाळी बोट हलली. कधी सुटली ते कळलंच नाही, धक्का लांब जाताना दिसला तेव्हा कळलं. बंदराबाहेर एक छोटी बोट शेजारी आली आणि पायलट दोराच्या शिडीने तिच्यात उतरून गेला. लेक टाळ्या वाजवत होती. आईला बोट लागली होती आणि बायको तिला आलेपाक देत होती. बाबांना काही नाही! ते डावीकडच्या कठड्याला धरून रेवसच्या दिशेने बघत उभे. खांदेरीचा दिवा मधूनच चमकत होता. त्याच्या अलीकडे अंधारात कुठेतरी बोट दाखवून म्हणाले, "तिकडे असेल." मला काही दिसलं नाही. त्यांनाही दिसलं नसणार. त्यांनी चप्पल काढून हात जोडले, म्हणून मीही जोडले.

रात्री साडेदहाला दारावर टकटक. बाबा.

"चल, खोलीपासून आपल्या जागेपर्यंत एकदा जाऊन येऊ. लिफ्ट नको. दिवे गेले तर लिफ्ट बंद असते."

गेलो. बाबा पुढे, मी मागे. त्यांनी वाटेत पायऱ्या मोजल्या, चोपन्न. परत येताना मी मोजल्या. चोपन्नच होत्या.