मार्था, पोळपाट आणि पाच वचनं

लूकच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी पाच वचनांची एक गोष्ट आहे. येशू एका गावात येतो. मार्था नावाची बाई त्याला घरी उतरवून घेते. तिची बहीण मरीया त्याच्या पायांशी बसून ऐकत राहते आणि मार्था पाहुणचाराच्या धांदलीत बुडून जाते. शेवटी तिचा धीर सुटतो. हिनं सगळं काम माझ्या एकटीवर टाकलंय, हिला जरा सांगा, असं ती बहिणीला न बोलता थेट पाहुण्यालाच सुनावते. पाहुणा मरीयेची बाजू घेतो.

वर्षातून एकदा तरी या भागावर उपदेश होतो आणि त्या रविवारी मंडळीतल्या निम्म्या बायका मनातून धुसफुसत असतात. उपदेशक बहुतेकदा पुरुष असतो. उपासना संपवून तो घरी जातो तेव्हा कुणीतरी मार्थेनंच त्याचं ताट वाढून ठेवलेलं असतं. धुसफुसणाऱ्यांत मीही असायची. म्हणूनच मननाबद्दल मला जे काही थोडं ठाऊक आहे, ते याच पाच वचनांनी शिकवलं असं मी म्हणते. तेविसावं स्तोत्र काय, कुणालाही कुशीत घेतं. जे वचन पटत नाही, त्याच्याजवळ थांबायला माणसाला काही कारण लागतं.

ते कारण मला आजीकडून मिळालं होतं. आमची मंडळी नगर जिल्ह्यातली, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणातली. आजीची सासू बायबलबाई होती, गावोगाव पायी हिंडून बायांना गोष्टी वाचून दाखवायची. आजीला स्वतःला वाचन बेताचंच जमायचं, ओळीवर बोट ठेवून. सकाळी ती एक वचन वाचायची आणि मग दिवसभर तेच पुटपुटायची: ज्वारी निवडताना, चुलीला फुंकर घालताना, गोधडीला टाके घालताना. आम्ही पोरं शब्बाथशाळेसाठी सुवर्णवचन पाठ करायचो आणि बक्षिसाच्या लोभानं एका दमात धडाधडा म्हणून मोकळं व्हायचो. आजीनं कधी पाठ म्हणून दाखवायला सांगितलं नाही. दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थनेला बसलो की ती एवढंच विचारायची, “मग, आज कुठं भेटलं?” वचन शेतात भेटलं की शाळेत, भांडणात की वाटेवर, हे सांगायचं. काहीच सुचलं नाही तर गप्प बसलेलंही चालायचं. “भेटंल उद्या” म्हणून ती गाणं सुरू करायची.

आजी जे करत होती त्याला चांगली सोळा-सतराशे वर्षांची परंपरा आहे, हे मला फार उशिरा कळलं. इजिप्तच्या वाळवंटातले पहिले ख्रिस्ती संन्यासी ताडाच्या पात्या विणून दोर, टोपल्या करायचे आणि विणताविणता स्तोत्रं घोकायचे. त्यांच्याकडून शिकून आलेल्या योहान कासियननं पाचव्या शतकात लिहून ठेवलं की, सत्तराव्या स्तोत्राच्या आरंभीची देवाला धावून यायला सांगणारी हाक तेवढी धरा आणि कामात, प्रवासात, जेवताना, झोपताना तीच म्हणत राहा. बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या मठनियमांत हातांच्या कामाचे तास आणि पवित्र वाचनाचे तास एकाच प्रकरणात, शेजारीशेजारी नेमून दिले आहेत. पुढे बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठाधिपतीनं या सगळ्याची शिडी बांधली: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी नुसतं देवासमोर असणं. घास तोंडात घेणं, तो चावणं, त्याची चव कळणं आणि मग ती गोडी, अशी त्यानं त्याची फोड केली आहे. शिडी सुरेख आहे. पण मला पायऱ्यांपेक्षा वाळवंटातल्या त्या पात्याच जास्त पटतात. हात गुंतलेले असले की मन एका जागी बसतं. रिकाम्या हातांनी डोळे मिटून बसलं की मला तरी दुधाचा हिशेब आठवतो.

तर मार्था. मी ठरवलं की हा भाग सोडायचा नाही. रोज पोळ्या करताना त्यातला एकेक तुकडा घ्यायचा. पहिले काही दिवस रागातच गेले आणि ते जाऊ दिले. स्तोत्रकर्ते देवाशी मनसोक्त भांडतात, मग मला कुणी अडवलंय? मग हळूहळू गोष्टीतल्या वस्तू दिसू लागल्या. इग्नेशियस लोयोला आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त सांगतो की प्रसंगाची जागा डोळ्यांसमोर आणा, तिथले आवाज ऐका, वास घ्या. हे मला सोपं गेलं, कारण जागा ओळखीचीच होती. धूर, कणीक, बाहेरच्या खोलीतून येणारं बोलणं आणि ते नीट ऐकू न आल्यानं होणारी चिडचिड. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की मार्थेलाही ऐकायचं होतं. तिचा राग कामावर कमी आणि ऐकण्यातून वगळलं गेल्यावर जास्त होता. लूक हे कुठं सांगत नाही, हे माझं आहे. पण मननात एवढी मुभा असते. नंतर ग्रंथाकडे परत जाऊन ते तपासून घ्यायचं, इतकंच.

दुसरी गोष्ट पायांची. गुरूच्या पायांशी बसणं ही शिष्याची जागा. पौल स्वतःबद्दल सांगतो की तो गमलियेलाच्या पायांशी शिकला. म्हणजे मरीया तिथं लाडानं किंवा आळसानं टेकलेली नव्हती. तिनं शिष्याची जागा घेतली होती, आणि ती त्या काळी बाईला सहज मिळणारी नव्हती. तिला उठवायचं नाही असं येशू म्हणतो, तेव्हा तो घरकामाला कमी लेखत नाही, एका बाईची शिकण्याची जागा राखतो. हे उमगलं तेव्हा उपदेशकांवरचा माझा राग वाढला आणि येशूवरचा गेला.

तिसरी गोष्ट बऱ्याच दिवसांनी हाती लागली. येशू मार्थेला हाक मारतो ती दोनदा, नाव घेऊन. मी ते इतकी वर्षं दटावणी म्हणून ऐकत होते. आपल्याकडे आई पोराचं नाव दोनदा घेते तेव्हा पुढं काय येणार ते पोराला कळतं, त्याच सुरात. एका सकाळी लाटणं फिरवताना सहज मनात आलं की बायबलमध्ये अशी दुहेरी हाक आणखी कुणाकुणाला आली आहे? मोरियाच्या डोंगरावर, हातात सुरा असलेल्या अब्राहामाला. जळत्या झुडपापाशी मोशेला. रात्री मंदिरात झोपलेल्या पोरसवदा शमुवेलाला. नाकारण्याच्या रात्री शिमोनाला, दिमिष्काच्या वाटेवर शौलाला. या रांगेत मार्था, बेथानीची एक घामाघूम झालेली बाई, उभी आहे. पोळी करपली, पण ती खाल्ली मीच, तेव्हा तक्रार नाही.

मग शेजार पाहिला. मार्थेच्या गोष्टीच्या अगदी आधी चांगल्या शोमरोन्याचा दाखला येतो, आणि त्याचा शेवट ‘जाऊन तसं कर’ या अर्थाच्या आज्ञेनं होतो. तिच्या लगेच नंतर अकराव्या अध्यायात शिष्य प्रार्थना शिकवायला सांगतात आणि प्रभूची प्रार्थना येते. करणं, ऐकणं, मागणं. लूकनं ही मांडणी जाणून केली असेल तर तो मोठा कारागीर आहे, आणि तो आहेच.

तेराव्या-चौदाव्या शतकातल्या जर्मन गूढवादी एकहार्टनं तर या भागावरच्या प्रवचनात बाजूच पालटली आहे. त्याच्या मते मार्था ही पिकलेली, मरीया अजून शिकणारी. एवढं टोक मला झेपत नाही. आविलाची तेरेसा जास्त जवळची वाटते. सोळाव्या शतकातली ही संन्यासिनी मठ स्थापत स्पेनभर गाड्यांतून आणि खेचरांवरून फिरली. तिनं आपल्या भगिनींना सांगून ठेवलं की आज्ञेनुसार स्वयंपाकघरात काम आलं तर कष्टी होऊ नका, प्रभू भांड्याकुंड्यांतही वावरतो. आणि आयुष्याच्या उतरणीला लिहिलेल्या ‘अंतरीच्या किल्ल्या’त ती म्हणते की प्रभूला घरात ठेवून घ्यायचं तर मार्था आणि मरीया दोघी लागतात, नाहीतर त्याला जेवायला कोण घालणार? असा प्रश्न चूल पेटवलेल्या माणसालाच पडतो.

आता थोडं कडू बोलते. आजच्याइतकी वचनं आपल्या हाती कधीच नव्हती आणि त्यांच्याजवळ आपण आजच्याइतके कमी कधी थांबलो नव्हतो. सकाळी फोन उघडला की सूर्योदय, गुलाब आणि त्यावर वचन. एकाकडून आलेलं, दुसऱ्याकडे ढकललेलं. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन घ्या. देवाच्या मनात आपल्याबद्दल भल्याच्या योजना आहेत, या आशयाचं. ते भिंतींवर आहे, कपांवर आहे, दहावीच्या निकालाच्या दिवशी तर सगळीकडे आहे. पण ते आलंय एका पत्रातून. यरुशलेमेहून यिर्मयानं बाबेलात धरून नेलेल्या लोकांना ते पाठवलं, आणि त्याच्या आदल्याच वचनात मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परतीची वाट पाहतच मरणार होते. त्यांना सांगितलं काय? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, आणि ज्या शहरात कैदी म्हणून आलात त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. त्या एका वचनाला त्याच्या सत्तर वर्षांसकट मनात ठेवलं की ते कपावर मावत नाही. बदलीच्या गावी, परक्या भाषेत, न आवडणाऱ्या कचेरीत दिवस काढणाऱ्या माणसाला मात्र ते तेव्हाच कामाला येतं. ढकलण्याआधी मागचं-पुढचं एक पान वाचा, इतकं साधं आहे हे. पण होत नाही.

वेळ नसतो हे कारण मी स्वतःला फार वेळा ऐकवलं आहे. त्यावर रेव्हरंड टिळकांची गोष्ट आठवते. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांच्याशी गप्पा मारल्या, त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही करून टाकलं. टिळकांनी पुस्तक शिस्तीनं वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. पुढं सरकणं जमेना. 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गोऱ्या प्रवाशाच्या आगाऊ भाकितापेक्षा मला टिळकांचं ते अडकणं मोलाचं वाटतं. हुशार माणूस, शीघ्रकवी, एका बैठकीत पुस्तकाचा फडशा पाडू शकला असता.

आणि ज्यांनी आपल्याला हा ग्रंथ मराठीत दिला, त्यांनी तो कामाच्या धबडग्यातच दिला. पंडिता रमाबाईंनी केडगावात मुक्ती मिशनचा शेकडो बायका-मुलींचा संसार सांभाळत, उतारवयात, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळावं हा त्यांचा हट्ट होता. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून झाली. 1922च्या एप्रिलात रमाबाई गेल्या तेव्हा काम पुरं झालेलं होतं, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. त्यांच्याही तीनशे वर्षं आधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. ते छापलं गेलं 1616 मध्ये. जवळपास अकरा हजार ओव्या. ज्ञानेश्वरीची ओवी, जात्यावरची ओवी. ख्रिस्ताची कथा इथल्या माणसाच्या ओठांवर राहावी तर ती ओवीतच हवी, हे त्या परदेशी माणसाला समजलं. पहिल्या छापील प्रतींपैकी आज एकही सापडत नाही. पुराण हस्तलिखितांतून टिकलं.

कोरडे दिवस येतात, तेही सांगायला हवं. वचन नुसती अक्षरं होऊन बसतं. दिट्रिख बॉनहोफर 1935 ते 1937 या काळात फिंकेनवाल्डे इथं नाझींना न जुमानणाऱ्या मंडळीसाठी पाळक घडवत होता. तिथं रोज अर्धा तास मनन, आणि तेही आठवडाभर एकाच उताऱ्यावर. विद्यार्थी कुरकुरायचे. अर्धा तास करायचं काय, हा त्यांचा प्रश्न. गेस्टापोनं ते विद्यालय बंद पाडलं, तरी बॉनहोफर पांगलेल्या विद्यार्थ्यांना पत्रांतून मननाची आठवण करून देत राहिला. कुरकुरणारे ते तरुण मला आपले वाटतात. मार्थेवर मीही असे कितीतरी दिवस काढले जेव्हा काहीच भेटलं नाही, आणि त्या दिवसांच्या पोळ्याही खाण्याजोग्याच झाल्या.

योहानाच्या बाराव्या अध्यायात हे घर पुन्हा दिसतं. या बहिणींचा भाऊ लाजर मेलेल्यांतून उठला आहे आणि येशूच्या पंक्तीला बसला आहे, वल्हांडणाला सहा दिवस उरले आहेत. मरीया महागड्या जटामांसीच्या तेलानं त्याचे पाय माखते. आणि मार्था वाढते आहे. या वेळी ती बहिणीची तक्रार करत नाही, तिला कुणी बसायलाही सांगत नाही. त्याच्या आदल्या, अकराव्या अध्यायात, भावाच्या कबरीच्या वाटेवर, येशू कोण आहे ते तिनं मोकळेपणी बोलून दाखवलं आहे. म्हणजे स्वयंपाकघरातून तिनं बरंच काही ऐकलं होतं.

आमच्या पाळकांना माझी एक विनंती आहे. उपासनेत शास्त्रपाठ झाला की लगेच उपदेशाला उभं राहू नका. दोन मिनिटं आम्हाला गप्प बसू द्या. कुणी खोकेल, एखादं लेकरू रडेल, मागच्या बाकावर फोन वाजेल. वाजू द्या. उपदेश दोन मिनिटांनी कमी करा. आमची काही हरकत नाही.